१९९४ची मारुती ८०० आणि पेट्रोलच्या वासाचा माग : कामाच्या नोंदी

८ जून २०२५, अनगोळ, बेळगाव

आज खानापूरहून परत येताना मागच्या सीटवर बसलेल्या आईचे डोके इतके दुखू लागले की देसूरजवळ गाडी बाजूला घ्यावी लागली. "पेट्रोलचा वास यायलाय रे, कधीपासनं सांगायलोय तुला," असे ती म्हणाली. खरे म्हणजे तिने गेल्या पावसाळ्यातही हे सांगितले होते. स्टिअरिंगवर बसलेल्या मला वास जवळजवळ जाणवत नव्हता, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले होते, आणि ती माझी चूक होती. एकाच वासात पाच-दहा मिनिटे बसलेल्या नाकाला तो वास येईनासा होतो. त्यामुळे चालकाचे नाक हे या कामासाठी भरवशाचे साधन नाही.

गाडी वडिलांनी १९९४ साली नवी घेतलेली आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर, आणि कॅमशाफ्टच्या उंचवट्याने हलणारा यांत्रिक फ्युएल पंप अशी तिची रचना आहे. पंधरा वर्षांची नोंदणी २००९ साली संपल्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ती आजवर रस्त्यावर आहे. उद्यमबागेतील हायड्रॉलिक सिलिंडर आणि पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरी करतो, त्यामुळे सील, होज आणि गळती यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. तेलाची गळती डाग ठेवते आणि तो डाग माग सांगतो. पेट्रोल मात्र उडून जाते आणि मागे फक्त वास उरतो, म्हणून हे काम मी वहीत तारखेनिशी लिहून करायचे ठरवले आहे.

रात्री गाडी पोर्चमधून ढकलून अंगणात उघड्यावर आणली. पोर्चमध्ये इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी आहे. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरचा रिले आपोआप चालू होतो आणि त्याच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते; ती वर उडून जात नाही, फरशीवरून पसरते आणि सखल कोपऱ्यात साचते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे आपल्याकडे असा एकही दिवस नाही की ज्या दिवशी ते निर्धोक असेल. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, आणि दोन किलोचे कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे घराच्या पायरीवर आणून ठेवले. ते गाडीजवळ ठेवायचे नाही, कारण आग लागली तर ते घ्यायला आगीकडे जावे लागेल.

१४ जून

आठवडाभर एकही नट ढिला केला नाही. वास केव्हा येतो, कुठे येतो आणि किती येतो एवढेच लिहिले. गाडी चालवण्यापुरती केबल जोडायची आणि परतल्यावर पुन्हा काढायची, असा क्रम ठेवला. वास घेण्याचे काम आईकडे आणि मुलीकडे दिले. दोघींनी घरातून ताज्या नाकाने बाहेर येऊन प्रथम बोनेटजवळ, नंतर मागच्या चाकाजवळ आणि शेवटी डिकी उघडून सांगायचे असे ठरले होते.

वहीतून जे दिसते ते असे आहे. टाकी अर्धी असताना आणि गाडी रात्रभर उभी असताना सकाळी पुढेही वास नाही, मागेही नाही. वीस मिनिटे चालवून गाडी बंद केली की पुढे, बोनेटच्या फटीतून, पहिल्या दोन-तीन मिनिटांत वास सुरू होतो आणि पंधराव्या मिनिटाला सर्वांत जास्त असतो. मंगळवारी टाकी तोंडापर्यंत भरून आणली, त्या रात्री पुढे काहीच फरक नव्हता, परंतु मागच्या उजव्या चाकाजवळ उभे राहवत नव्हते. गुरुवारपर्यंत काटा पाऊण टाकीच्या खाली आला आणि मागचा वास थांबला. धावत्या गाडीत मात्र टाकीत पेट्रोल कितीही असले तरी मागच्या सीटवर थोडा वास असतोच.

या तीन निरीक्षणांवरून मी असा निष्कर्ष काढतो की गळती एक नाही. इंजिन तापल्यावर येणारा वास पंप, कार्बोरेटर आणि त्यांच्यामधल्या नळ्यांचा आहे. भरलेल्या टाकीचा वास टाकीच्या वरच्या भागाचा, म्हणजे फिलर पाइप, हवेची नळी, फ्लोटचे (पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या तरंगत्या भागाचे) पॅकिंग किंवा वरच्या पत्र्याचा आहे. धावताना आत येणारा वास वेगळ्या गळतीचा असेलच असे नाही. गाडी पुढे जाताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, आणि डिकीचे रबर कडक झालेले असेल तर मागची हवा त्या फटीतून आत ओढली जाते. आई मागे बसते, म्हणून तिला प्रथम कळते.

१५ जून

बोनेटखालची पहिली तपासणी केली. थंड इंजिनावरील धूळ आणि तेलकटपणा कापडाने पुसून काढला, सर्व जोडांवर आईच्या डब्यातली पांढरी टाल्कम पावडर ब्रशने हलकेच शिंपडली, गाडी उद्यमबागेच्या तिसऱ्या फाटकापर्यंत नेऊन आणली आणि बंद करून बोनेट उघडले. ज्या जागी पेट्रोल पाझरते तेथे पावडर आधी काळपट ओली होते आणि पेट्रोल उडाल्यावर पिवळसर, पापुद्र्यासारखी घट्ट बसून राहते. म्हणजे जी गळती आपण पाहू शकलो नाही, तिचीही खूण अर्ध्या तासाने वाचता येते.

खुणा दोन ठिकाणी होत्या. पंपातून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीच्या दोन्ही टोकांना स्पष्ट कडे उमटले होते, आणि पंपाच्या खालच्या अंगाला, जेथे डायाफ्रामच्या, म्हणजे वरखाली होऊन पेट्रोल ओढणाऱ्या रबरी पडद्याच्या, खोलीतून बाहेर येणारे बारीक भोक असते, तेथे करंगळीच्या नखाएवढा डाग होता. कार्बोरेटरच्या वरच्या झाकणाभोवती जुना तपकिरी लेप होता, परंतु त्यावरची पावडर कोरडी होती. त्या लेपाकडे पाहून मी गेल्या वर्षीच कार्बोरेटरचा पूर्ण किट बदलून घेतला होता. तो खर्च अंदाजाने केलेला होता आणि त्याने वास गेला नव्हता, हे येथे नोंदवून ठेवतो.

नळी काढून हातात घेतली तेव्हा तो प्रकार लक्षात आला. ती पेट्रोलची नळी नव्हतीच. पाण्याच्या लेव्हल पाइपसाठी वापरतात तशी पारदर्शक पीव्हीसीची नळी कधीतरी रस्त्यातल्या एका गॅरेजात घातली गेली होती. आता ती मधासारखी पिवळी झाली होती, आणि दोन बोटांत दाबली असता सुक्या बोंबलासारखी कडक लागत होती. पीव्हीसीला मऊपणा देणारे जे द्रव्य त्यात मिसळलेले असते, ते पेट्रोल विरघळवून घेऊन जाते. मग नळी आक्रसते, कडक होते आणि इंजिनाच्या उष्णतेने तिला टोकाशी उभ्या चिरा जातात. वर स्क्रूची रुंद क्लिप इतकी आवळलेली होती की तिच्या खाचांनी नळी अर्धी कापली होती. गळणाऱ्या क्लिपला पुन्हा पुन्हा आवळत जाणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि तो चुकीचा आहे, कारण रबर मेलेले असेल तर जास्त आवळल्याने ते फक्त अधिक लवकर फाटते.

२२ जून

नळी घेताना मी तासभर खर्च केला आणि तो योग्यच होता असे मला वाटते. पहिल्या दोन दुकानांत "पेट्रोल पाइप" म्हणून जे समोर आले त्यावर कोणतीही छपाई नव्हती. तिसऱ्या ठिकाणी एसएई जे ३० आर ९ असे छापलेली नळी मिळाली. या दर्जाच्या नळीचा आतला थर फ्लोरो जातीच्या रबराचा असतो, आपल्या कारखान्यात ज्याला सगळे व्हायटन म्हणतात तो. साध्या नायट्राइल रबराच्या तुलनेत तो पेट्रोलची वाफ भिंतीतून फारच कमी जाऊ देतो, आणि इथेनॉलही त्याला सोसते.

इथेनॉलचा मुद्दा आता टाळता येण्यासारखा नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची औपचारिक सुरुवात झाली आणि आज आपल्या भागातल्या पंपांवर तेच मिळते. बेळगाव जिल्हा उसाचा आहे, साखर कारखान्यांच्या जोडीला डिस्टिलरी आहेत, शेतकऱ्याच्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळते, आणि या धोरणाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. परंतु १९९४ साली ही गाडी तयार झाली तेव्हा तिच्या रबरी भागांची निवड या इंधनासाठी झालेली नव्हती, हे मालकाने स्वतःच लक्षात घेऊन ते भाग बदलले पाहिजेत.

प्रत्यक्ष काय होते ते पाहण्यासाठी गेल्या रविवारी काचेच्या तीन बरण्यांत पंपावरचे पेट्रोल घेऊन एकीत जुनी पीव्हीसी नळी, दुसरीत कारखान्यातली नवी नायट्राइल ओ-रिंग आणि तिसरीत व्हायटनची ओ-रिंग टाकून झाकणे घट्ट लावली होती आणि बरण्या अंगणातल्या शेडमध्ये, घरापासून दूर ठेवल्या होत्या. आज सात दिवसांनी व्हर्नियरने मापे घेतली. ३.५० मिलिमीटर जाडीची नायट्राइलची रिंग ३.७२ झाली होती आणि बोटांना बुळबुळीत लागत होती, व्हायटनची ३.५४ भरली. पीव्हीसीचा तुकडा पेट्रोलमधून काढल्यावर प्रथम मऊ होता, पण दुपारच्या वाऱ्यात सुकल्यावर तो पहिल्यापेक्षा आखूड आणि काडीसारखा ताठ झाला. म्हणजे गाडी रोज चालत असताना जी नळी गळत नाही, ती गाडी आठवडाभर उभी राहून सुकली की गळू लागते. आमच्या गाडीला तेच झाले होते, कारण ती आठवड्यातून एकदाच निघते.

पंप ते कार्बोरेटर, टाकीच्या लाइनपासून पंपापर्यंत आणि परतीची, अशा बोनेटखालच्या तिन्ही नळ्या बदलल्या. क्लिपा गुळगुळीत पट्टीच्या, कडा वळवलेल्या आणि नळीच्या मापाच्याच घेतल्या. नळीचे टोक निपलच्या (नळी चढवायच्या लहान तोटीच्या) फुगवट्याच्या पलीकडे पूर्ण चढवून क्लिप फुगवट्याच्या मागे बसवली, फुगवट्यावर नाही. नळीवर पांढऱ्या रंगाने "जून २५" असे लिहिले.

२९ जून

नळ्या बदलल्यावर पुढचा वास निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही. पंपाच्या भोकाशी पावडरीवर पुन्हा डाग आला. आज डिपस्टिक काढून नाकाशी धरली, आणि हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते, कारण ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास होता आणि पातळी वरच्या खुणेच्या चार मिलिमीटर वर होती. मे महिन्यात ऑइल खुणेपर्यंत भरल्याची नोंद माझ्याकडे आहे. इंजिन ऑइल कधीही आपोआप वाढत नाही. वाढले असेल तर त्यात दुसरे काहीतरी उतरते आहे.

या गाडीत पंप सिलिंडर हेडला चिकटून बसतो. त्याचा डायाफ्राम फाटला की थोडे पेट्रोल त्या बारीक भोकातून बाहेर येते आणि उरलेले हेडमधून खाली ऑइलमध्ये जाते. बाहेरचा वास हा त्रास आहे, आतले पेट्रोल हा खरा धोका आहे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगवर टिकत नाही, आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, साचलेली पेट्रोलची वाफ ब्रीदरच्या (वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीने एअर फिल्टरकडे जाते. गाडी तापलेली असताना आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे संथ फिरणे) का बिघडते, याचे उत्तर मला येथे मिळाले.

नवा पंप, त्याच्यामागचा उष्णतारोधक ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पॅकिंग नवी बसवली. जुने ऑइल काढून टाकले, फिल्टर बदलला आणि सुमारे तीन लिटर नवे ऑइल भरले. पंप बसवून इंजिन सुरू करणे आणि ऑइल नंतर कधीतरी बदलणे असा क्रम ठेवू नये. पातळ ऑइलवर दहा मिनिटेही इंजिन फिरवण्याची गरज नाही.

(हे नंतर लिहिले.) जुना पंप दाबलेल्या कडेचा होता, तो स्क्रू काढून उघडता येत नाही. दोन दिवस उघड्यावर सुकवून कारखान्यात हातकरवतीने, पाण्याच्या धारेखाली, त्याची कड कापली. डायाफ्राम वरून पाहता अखंड दिसत होता. अंगठ्याने मधला भाग खाली ढकलून कापडाला ताण दिला, तेव्हा बाहेरच्या घडीवर, जेथे तो प्रत्येक फेरीत वाकतो, तेथे सुमारे एक सेंटिमीटर लांबीची केसाएवढी चीर उघडली, आणि अंगठा उचलताच ती पुन्हा मिटली. पंप हातात घेऊन, आतील बाजूने फुंकून किंवा नुसते पाहून ही चीर कधीच सापडली नसती. यात बनावटीचा दोष मला दिसत नाही. इतकी वर्षे दर मिनिटाला शेकडो वेळा वाकलेल्या रबराचे ते वय आहे.

६ जुलै

पुढचा वास गेला. तापलेले इंजिन बंद करून बोनेट मिटलेले ठेवले आणि पंधरा मिनिटांनी मुलीला बोलावले. तिला फक्त गरम रबराचा वास आला.

आता मागचे काम घेतले. भर पावसात बाहेरून काही दिसत नाही, म्हणून चाकाच्या आतले प्लास्टिकचे आवरण काढून फिलर पाइपची जाड रबरी नळी हाताने वाकवली. सरळ असताना ती धड दिसते. वाकवली की बाहेरच्या वळणावर जमिनीला भेगा पडाव्यात तशा चिरा उघडतात. टाकी तोंडापर्यंत भरली की पेट्रोल या नळीत उभे राहते, आणि पाऊण टाकीच्या खाली आले की नळी रिकामी असते. मंगळवार आणि गुरुवारच्या नोंदींतला फरक यानेच पडत होता. टाकीचे झाकणही काढून पाहिले. त्याचे रबर चपटे झाले आहे आणि तोंडाची कड त्यावर खोल उमटली आहे. ते बदलण्याच्या यादीत लिहिले.

तरीही फक्त ही नळी बदलून थांबायचे नाही असे ठरवले, कारण टाकीचा वरचा भाग गाडीखालून दिसत नाही.

१३ जुलै

टाकी उतरवली. ओळखीच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये गाडी घेतली. ते गेली तीस वर्षे याच कामात आहेत. त्यांच्याकडे खड्डा आहे, पण आम्ही तो वापरला नाही, फळ्यांनी झाकून त्यापासून दूर काम केले. जड वाफ खड्ड्यात उतरते आणि तेथेच राहते, आणि खड्ड्यातला माणूस त्या वाफेत उभा असतो. "खड्ड्यात पेट्रोलचं काम म्हणजे सरणावर बसून काम करणं हाय बघा ओ," असे ते म्हणाले. गाडी मागून जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवली. पेट्रोल हातपंपाने लोखंडी डब्यात काढले. डबा जमिनीवर टेकवून तारेने गाडीच्या सांगाड्याशी जोडला होता, कारण वाहत्या पेट्रोलने स्थिर वीज तयार होते आणि प्लास्टिकच्या कॅनमध्ये तिला जायला वाट नसते. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय अनेकांना आहे. पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते, म्हणून ती सोडली पाहिजे.

खाली आलेल्या टाकीवर तीन गोष्टी दिसल्या. फ्लोटचे पॅकिंग दगडासारखे झाले होते आणि त्याच्या एका बाजूने पिवळी रेघ ओघळली होती. हवेची बारीक नळी टोकाशी फाटली होती. आणि टाकीला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, जेथे नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) पट्टा घातलेला असतो, तेथे लाल मातीचा ओला थर साचून पत्रा गंजला होता. जांबोटी-खानापूरकडची तांबडी माती एकदा अशा कपारीत बसली की पावसाळाभर सुकत नाही. गंज वायरब्रशने घासताच टाचणीच्या टोकाएवढी दोन भोके उघडी पडली. ती टाकीच्या वरच्या खांद्याजवळ होती, म्हणून टाकी भरलेली असतानाच पाझरत होती.

मिस्त्रींनी एपॉक्सीची लांबी (पुट्टी) लावून देण्याची तयारी दाखवली. घाटात अडकलेल्या गाडीला घरी आणण्यासाठी तो उपाय चांगला आहे. कायमचा नाही, कारण गंजलेल्या पत्र्यावर लांबी नुसती चिकटलेली असते. गॅस वेल्डिंगला मी स्पष्ट नकार दिला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ असली की मिश्रण स्फोटक होते, आणि "रिकाम्या" टाकीत नेमके तसेच मिश्रण असते. टाकी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे दिली. त्यांनी ती कॉस्टिक सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने तीनदा धुतली, भोकाच्या खाली बोटभर जागा सोडून पाण्याने भरली, आणि दूर अंगणात तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याने कथिलाचा डाग दिला; ज्योत टाकीजवळ आणलीच नाही. भोकांवर पत्र्याचा लहान तुकडा कथिलात बुडवून बसवला आहे.

२० जुलै

टाकीची चाचणी. टाकीला हवेचा मोठा दाब देता येत नाही; टायरच्या कॉम्प्रेसरने ती फुगून वाकडी होईल. म्हणून पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा बाक करून त्यात निळ घातलेले पाणी भरले, फिलरच्या तोंडाला पितळी निपल बसवलेले रबरी बूच लावले, बाकीची तोंडे बंद केली, आणि रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा दाबून पाण्याच्या दोन स्तंभांत ३०० मिलिमीटरचा फरक आणला. हा दाब बारच्या तीन शतांशांइतकाच असतो, परंतु टाकीला प्रत्यक्षात याहून जास्त सोसावे लागत नाही.

पहिल्या वेळी फरक वाढू लागला. ३०० चे ३१२ झाले, आणि क्षणभर काहीच कळेना. ढगांतून ऊन निघाले होते आणि टाकीचा पत्रा तापत होता, इतकेच कारण होते. टाकी शेडच्या आत घेऊन अर्धा तास ठेवली आणि पुन्हा मोजले. पंधरा मिनिटांत ३०० वरून २७१ वर आले. साबणाचे पाणी ब्रशने लावत गेलो. डाग दिलेली जागा कोरडी निघाली, पण फ्लोटच्या नव्या पॅकिंगच्या एका स्क्रूखालून मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. स्क्रूला वायसर नव्हता. वायसर घालून समोरासमोरचे स्क्रू क्रमाने आवळले. पंधरा मिनिटांत ३०० चे २९९. मी आणखी अर्धा तास थांबलो, २९८.

२७ जुलै

पाऊस जोराचा. टाकीला आतून काही लावले नाही, बाहेरून गंजरोधक रंगाचे दोन हात दिले. पट्टीखाली नमद्याऐवजी पाणी न धरणारी रबरी पट्टी घातली.

३ ऑगस्ट

टाकी चढवली. फिलरची नळी, हवेची नळी, टाकीकडचे दोन्ही रबरी जोड आणि झाकणाचे रबर नवे घातले. गाडीखालून पुढे येणारी लोखंडी लाइन हाताने चाचपत पूर्ण तपासली. या लाइनवर धावत्या इंजिनात गळती शोधू नये, कारण तेव्हा पंप तिच्यातून ओढत असतो. तेथे भेग असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि चढावर गाडी धक्के देते. गळती दिसायची तर ती गाडी उभी असताना, टाकीतले पेट्रोल लाइनच्या खालच्या वळणापेक्षा उंच असताना दिसेल. हायड्रॉलिक पंपाच्या सक्शनचाही (ओढणाऱ्या बाजूचाही) हाच नियम आहे आणि तेथेही लोक प्रेशरच्या बाजूलाच गळती शोधत बसतात. लाइन धड आहे; एका क्लिपाजवळ गंज आहे, तेथे ग्रीस लावले.

डिकीच्या रबराची कागदाने परीक्षा केली. कागदाची पट्टी दारात धरून डिकी लावायची आणि पट्टी ओढून पाहायची. खालच्या काठाला उजवीकडे ती सहज निघून आली. नवे रबर बसवले आणि दिव्यांच्या वायरी आत येतात तेथले सुटलेले बूच परत लावले. हे काम मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. आधी केले असते तर वास आत येणे थांबले असते आणि गळती तशीच राहिली असती.

१७ ऑगस्ट

टाकी तोंडापर्यंत भरून आई मागे, मुलगी पुढे, अशी निपाणीपर्यंत फेरी केली. वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर आणि पुढे तवंदी घाट. चढ, उतार आणि वळणे या तिन्हींत भरलेली टाकी हिंदकळते, म्हणून हाच रस्ता निवडला होता. संकेश्वरला आणि निपाणीला थांबून, तापलेल्या इंजिनावर पंधरा-पंधरा मिनिटे वाट पाहून दोघींकडून वास तपासून घेतला. निपाणीला बोनेटजवळ मुलीला किंचित वास आला. एअर फिल्टर उघडून पाहिले तेव्हा तो कार्बोरेटरच्या फ्लोटच्या खोलीतून येत असल्याचे दिसले. इंजिन बंद झाल्यावर त्याची उष्णता वर चढते, खोलीतले पेट्रोल तापते आणि त्याची वाफ तिच्या हवेच्या वाटेने निघते. इतक्या जुन्या गाडीत ही वाफ थोडी येणारच. नव्या गाड्यांत ती कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात. रात्री फ्लोटची पातळी मापली, ती दीड मिलिमीटर जास्त होती. जिभली वाकवून बरोबर केली.

परतीच्या वाटेवर आई काकतीपर्यंत काही बोलली नाही. मी दोनदा विचारले. "न्हाई रे, वास न्हाई. गाडी बघून चालीव," असे ती म्हणाली.

२४ ऑगस्ट

गाडी आठवडाभर अंगणात, तिच्याखाली पांढरा पुठ्ठा. आज भरलेल्या टाकीनिशी ती पोर्चमध्ये घेतली, दारे-खिडक्या बंद ठेवून दोन तासांनी आईला आणि मुलीला घरातून आणले. दोघींनीही वास नाही असे सांगितले. इन्व्हर्टर तरीही पोर्चमधून काढून मागच्या व्हरांड्यात भिंतीवर उंच बसवून घेतला आहे. इलेक्ट्रिशियन काल येऊन गेला.

७ सप्टेंबर

नव्या रबराला बसायला वेळ लागतो, म्हणून सुमारे ५०० किलोमीटरनंतर सर्व क्लिपा पुन्हा तपासल्या. बारापैकी दोन क्लिपांनी पाव फेरा घेतला, फिलर पाइपची खालची आणि पंपाच्या येणाऱ्या बाजूची. डिपस्टिकवरची पातळी २९ जूनला नवे ऑइल भरले होते त्याच खुणेवर आहे आणि ऑइलला पेट्रोलचा वास नाही. टाल्कमची पावडर पुन्हा शिंपडली आहे. दिवाळीच्या आधी बोनेट उघडून ती वाचायची आहे.